पत्राला यंत्राचे उत्तर

पत्र आले की उलट टपाली उत्तर धाडावे, ही शिस्त आपल्यापैकी पुष्कळांना घरातच लागलेली असते. माझे वडील महत्त्वाच्या कामासाठी जोडकार्ड घालीत. कार्डाचा एक अर्धा भाग आपला मजकूर घेऊन जाई आणि दुसरा कोरा अर्धा, आपलाच पत्ता घालून दिलेला, उत्तर घेऊन परत येई. समोरच्या माणसाला उत्तर देणे सोपे पडावे, एवढाच त्यातला हेतू.

आता टपाल संगणकावर आले. कार्ड नको, तिकीट नको, पेटीपर्यंत चालत जाणे नको. पण त्यामुळे पत्रे वाढली, आणि उत्तर देणारा माणूस मात्र एकटाच राहिला. मी मेहरूणला राहतो. बोरांसाठी आणि तलावासाठी हे नाव सगळ्या खानदेशाला ठाऊक आहे. शहरातल्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. काही वर्षांपूर्वी प्रवेश समितीच्या ई-मेलची पेटी सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले. बारावीचा निकाल लागला की दिवसाला साठ-सत्तर पत्रे येऊन पडत. त्यांतली निम्म्याहून अधिक एकच गोष्ट विचारीत: प्रवेश कधी सुरू होणार, आणि कागदपत्रे कोणती लागतात? तीच यादी दिवसातून चाळीस वेळा पाठवताना मनात आले, हे काम यंत्राला सांगता येणार नाही का?

येते. संगणक विभागातल्या एका सहकाऱ्याने मला ते शिकवले. मी एम. ए. मराठीचा, गणिताशी माझे सख्य बेताचेच. तरीही मला ते जमले, तेव्हा तुम्हालाही जमेल. मात्र त्यात मी एक मोठी चूक केली. ती पुढे सांगणारच आहे, कारण तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. आधी यंत्र काय करते ते पाहू.

सरकारी कचेरीचे पत्र आपण सर्वांनी पाहिलेले असते. डाव्या हाताला वर जावक क्रमांक आणि तारीख. खाली 'विषय'. त्याखाली 'संदर्भ': आपले पत्र क्रमांक अमुक, दिनांक तमुक. आवक-जावक कारकून विषय वाचून फाईल शोधीत बसत नाही. तो संदर्भातला क्रमांक पाहतो आणि पत्र थेट त्या फाईलला लावतो. विषय काय, 'माहिती मिळणेबाबत' असाच शंभर पत्रांवर असतो!

ई-मेलमध्ये अगदी हीच व्यवस्था आहे. प्रत्येक ई-मेलच्या माथ्यावर आपल्या डोळ्यांना सहसा न दिसणाऱ्या काही ओळी असतात. त्यांतली एक 'मेसेज-आयडी'. हा त्या पत्राचा जावक क्रमांक. जगात दुसऱ्या कोणत्याही पत्राला तो असू नये अशी अपेक्षा असते. दुसरी ओळ 'इन-रिप्लाय-टू'. हे पत्र कोणत्या पत्राचे उत्तर आहे, ते तीत लिहिलेले असते. तिसरी 'रेफरन्सेस'. तीत आधीच्या साऱ्या पत्रांचे क्रमांक ओळीने येतात, म्हणजे फाईलची सगळी पृष्ठेच म्हणा ना. १९८२ साली डेव्हिड क्रॉकर यांनी लिहिलेल्या आर.एफ.सी. ८२२ या मानकात या तिन्ही ओळी आलेल्या आहेत. पुढे २००१ आणि २००८ साली त्या मानकाच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या, पण या ओळी आजही तशाच चालू आहेत. प्रश्न, उत्तर, प्रतिप्रश्न अशी एकाखाली एक लागलेली पत्रे आपल्याला पडद्यावर दिसतात ती या क्रमांकांच्या जोरावर. या मालिकेला इंग्रजीत थ्रेड म्हणतात. आपण तिला पत्रमाळ म्हणू.

आता स्क्रिप्ट म्हणजे काय? नाटकाची संहिता नव्हे. संगणकाने एकापाठोपाठ एक काय करायचे, याच्या लेखी सूचना म्हणजे स्क्रिप्ट. माझी पेटी गूगलच्या जीमेलची होती, आणि त्या पेटीला सूचना देण्यासाठी 'ॲप्स स्क्रिप्ट' नावाची सोय २००९ सालापासून आहे. तिला वेळ नेमून देता येते. दर पाच, दहा किंवा पंधरा मिनिटांनी ती आपोआप जागी होते. जागी झाली की तिने पाच कामे करायची.

पहिले काम, न वाचलेल्या पत्रमाळा शोधणे. दुसरे, प्रत्येक माळेतले शेवटचे पत्र उघडणे आणि ते कोणाचे आहे ते पाहणे. शेवटचे पत्र आपलेच असेल तर उत्तर कोणाला द्यायचे? पुढे जावे. तिसरे, मजकुरात ठरावीक शब्द आहेत की नाहीत ते पाहणे. चौथे, शब्द सापडले तर ठरलेले उत्तर त्याच माळेत पाठवणे; नवे पत्र म्हणून नव्हे, नाही तर विचारणाऱ्याकडे फाईल तुटते. आणि पाचवे, त्या माळेवर 'उत्तर दिले' अशी चिठ्ठी लावणे. हे पाचवे काम विसरलात तर पंधरा मिनिटांनी यंत्र पुन्हा जागे होईल आणि त्याच माणसाला तेच उत्तर पुन्हा पाठवील. यंत्राला स्मरणशक्ती नसते. आपण जी चिठ्ठी लावू तेवढीच त्याची आठवण.

ऐकायला सोपे वाटते, पण आपली मराठी यंत्राला सहज वश होत नाही. ई-मेलची मूळ मानके इंग्रजी अक्षरांसाठी लिहिलेली. त्यामुळे देवनागरीतला विषय प्रवासात सांकेतिक रूपात जातो. कच्च्या रूपात पाहिला तर बरोबरीची चिन्हे, प्रश्नचिन्हे आणि अर्थहीन रोमन अक्षरे दिसतात. जीमेलची स्क्रिप्ट तो आपणहून उलगडून देते. दुसऱ्या साधनाने वाचणाराला आधी उलगडण्याची सूचना द्यावी लागते. तसे न केल्यास 'प्रवेश' हा शब्द यंत्राला कधीच सापडणार नाही.

दुसरी अडचण माझ्या विषयातली, म्हणून जरा रमून सांगतो. विद्यार्थी 'प्रवेश' असे कुठे लिहितात? प्रवेशाची तारीख, प्रवेशासाठी कागद, प्रवेशाबद्दल माहिती. इथे निदान 'प्रवेश' एवढी अक्षरे तरी शिल्लक राहतात. पण 'कागद' शोधायला सांगितले आणि विद्यार्थ्याने 'डॉक्युमेंट' लिहिले, तर? आणि कित्येक मुले मोबाईलवर मराठी रोमन लिपीत लिहितात; एकच शब्द तिघांनी तीन तऱ्हेने लिहिलेला. ही सगळी रूपे यादीत घालावी लागतात.

त्याहून गंमत 'दुसऱ्या' या शब्दाची. 'दुसऱ्या फेरीची यादी कधी लागणार?' हा प्रश्न रोज येई, आणि यंत्राला तो कधी सापडे, कधी नाही. डोळ्यांना शब्द अगदी सारखाच. शोध घेता कळले की यातला अर्धा 'ऱ' संगणकात वेगवेगळ्या रीतींनी लिहिता येतो. त्याला स्वतःचे एक अक्षर आहे. साध्या 'र'ला खाली नुक्ता जोडूनही तो होतो. आणि 'र', हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह यांनीही तसाच आकार उमटतो. माणूस आकार वाचतो, यंत्र अंक वाचते. म्हणून शोधण्यापूर्वी सर्व मजकूर एकाच रूपात आणून घ्यावा लागतो. पहिल्या दोन रीती एक करण्याची तयार सोय आहे. तिसरीसाठी आपणच एक सूचना जास्त लिहायची.

आता एक धोका सांगतो. समजा, मी रजेवर आहे आणि माझ्या पेटीला सांगून ठेवले आहे की येईल त्या पत्राला 'मी सोमवारी परतेन' असे उत्तर द्यावे. तुम्हीही रजेवर आहात आणि तुमच्या पेटीलाही तेच सांगून ठेवले आहे. माझे एक पत्र तुम्हाला आले. तुमचे यंत्र म्हणाले, मी रजेवर आहे. त्यावर माझे यंत्र म्हणाले, मीही रजेवर आहे. झालं! दोन बहिरी माणसे रात्रभर एकमेकांना नमस्कार घालीत बसावीत तसे हे चालेल, आणि सकाळी दोघांच्या पेट्या भरून वाहतील.

हा धोका जुनाच आहे आणि त्यावरचा उपायही जुना. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथे तयार झालेल्या संगणक-प्रणालीच्या १९८६ सालच्या आवृत्तीत 'व्हेकेशन' नावाचा छोटा कार्यक्रम होता. तो उत्तर दिलेल्या माणसांची नोंद ठेवी आणि एकाच माणसाला आठवड्यातून एकदाच उत्तर देई. पुढे ऑगस्ट २००४ मध्ये स्वयंचलित उत्तरांसाठी स्वतंत्र शिफारशी निघाल्या. त्यांचा क्रमांक आर.एफ.सी. ३८३४, लेखक कीथ मूर. त्यांतले सार थोडक्यात असे: यंत्राने पाठवलेल्या उत्तराच्या माथ्यावर 'ऑटो-सबमिटेड' अशी खूण असावी, ती खूण दिसली की दुसऱ्या यंत्राने गप्प बसावे, एकाला तेच उत्तर वारंवार देऊ नये, आणि अनेकांना मिळून धाडलेल्या पत्रांना यंत्राने उत्तर देऊ नये. यंत्राने आधी 'मी यंत्र आहे' हे सांगावे, हा मला त्यातला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो. संगणकाला ते खुणेने सांगायचे, माणसाला शब्दांनी.

मी हे शब्दांनी सांगितले नव्हते. चूक तिथूनच सुरू झाली.

माझ्या उत्तराच्या शेवटी लिहिलेले असे: 'आपला, प्रवेश समितीकरिता'. पुढे माझे नाव. सुबक, सभ्य उत्तर. दोन हंगाम ते उत्तम चालले. मग एका जून महिन्यात रावेरकडच्या एका विद्यार्थिनीने कागदपत्रांची यादी विचारली. यंत्राने ती पाठवली. मुलीचे नाव पहिल्या यादीत लागले. त्याच सुमारास वादळ झाले आणि तिच्या वडिलांची केळी, ऐन कापणीला आलेली, आडवी झाली. रावेर-यावलकडे वादळवारा म्हणजे काय, हे खानदेशातल्या वाचकांना सांगायला नको. घड लागलेले केळीचे झाड एकदा मोडले की ते उभे राहत नाही, आणि वर्षाचा पैसा त्या घडांत असतो.

मुलीने जुने पत्र उघडले, 'उत्तर' हे बटण दाबले आणि वर लिहिले की वादळात केळी गेली, फी भरायला पंधरा दिवस मिळतील का? त्या चार ओळींत 'प्रवेश' हा शब्द कुठेही नव्हता. पण उत्तराचे बटण दाबले की आधीचे पत्र खाली तसेच जोडले जाते, हे आपण जाणतोच. खाली माझेच उत्तर होते, आणि त्यात 'प्रवेश' आणि 'कागदपत्रे' हे शब्द सात-आठ वेळा. यंत्राने पत्र वरपासून खालपर्यंत चाळले, शब्द सापडले, आणि कागदपत्रांची यादी पाठवून दिली.

इथे तुम्ही विचाराल, त्या माळेवर 'उत्तर दिले' ही चिठ्ठी होती ना? होती. पण मी सूचना अशी लिहिली होती की विद्यार्थ्याचे नवे पत्र आले की चिठ्ठी काढावी आणि माळ पुन्हा तपासावी, कारण मुले दुसरा प्रश्नही विचारतात. आणि उत्तर गेले की पत्र 'वाचलेले' म्हणून बाजूला टाकावे, अशीही माझीच सूचना. तिने पुन्हा लिहिले. पुन्हा यादी गेली. तिसऱ्यांदा तिने फक्त एवढेच लिहिले, 'सर, कृपया एकदा वाचा.' तिसऱ्यांदाही यादीच गेली, खाली माझे नाव घालून.

न वाचलेली पत्रे मी रोज पाहत असे. वाचलेली पाहण्याचे मला कारण वाटले नाही. फीची मुदत संपली, जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला गेली, आणि आणखी काही दिवसांनी दुसरेच काही शोधताना ती माळ माझ्यासमोर आली. मी लगेच फोन केला. वडिलांनी घेतला. मी सांगू लागलो की ते उत्तर मी लिहिलेले नव्हते, यंत्राने पाठवले. ते शांतपणे म्हणाले, "तीनदा एकच कागद आला, सर. आम्ही समजलो, नाही म्हणताहेत." मुलगी ते वर्ष घरी राहिली. पुढच्या वर्षी तिने प्रवेश घेतला. मुदतवाढीसाठी अर्ज करण्याची वाट होती आणि मी ती तिला एका ओळीत दाखवू शकलो असतो, हे मला अजून टोचते.

या प्रसंगानंतर मी स्क्रिप्ट बंद केली आणि एक गोष्ट समजून घेतली. आपल्या टपालखात्यात १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. श्रीराम भिकाजी वेलणकर या टपालखात्यातल्या अधिकाऱ्यांनी, संस्कृतच्या जाणत्या पंडितांनी, त्याची कल्पना साकार केली. जळगावचा ४२५००१. पत्ता कोणत्याही लिपीत असो, हे सहा आकडे पाहिले की सॉर्टरला थैली कळते. काम झटपट होते आणि कोणाचे नुकसान होत नाही, कारण सॉर्टर पाकिटावरचे वाचतो; आतले पत्र ज्याचे त्यानेच उघडायचे असते. मी यंत्राला सॉर्टर नेमले, आणि नकळत आतल्या पत्राचे उत्तर देण्याचाही अधिकार देऊन टाकला.

पुढच्या हंगामात मी ती स्क्रिप्ट पुन्हा लिहिली. तुम्ही शाळा, दवाखाना, सोसायटी किंवा लहानसा व्यवसाय चालवीत असाल आणि हे करावेसे वाटत असेल, तर माझे नियम असे आहेत.

यंत्राने फक्त नवा मजकूर वाचावा. खाली जोडलेला जुना मजकूर आधी कापून टाकावा. हे काम पूर्णपणे बिनचूक होत नाही, कारण निरनिराळ्या पेट्या जुना मजकूर निरनिराळ्या तऱ्हेने जोडतात; म्हणून यापुढचे नियम. एका पत्रमाळेत यंत्राने एकदाच उत्तर द्यावे. त्याच माळेत दुसरे पत्र आले, म्हणजे पहिल्या उत्तराने काम भागलेले नाही. ते माणसाकडे जावे. यंत्राने पाठवलेल्या पत्रालाही 'वाचले' अशी खूण करू नये. वाचणे आणि उत्तर देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली यंत्राने केलेलीच नसते. फी, मुदत, आजार, मृत्यू, वादळ, विनंती असले शब्द दिसले तर यंत्राने हात लावू नये. आणि उत्तराच्या पहिल्याच ओळीत लिहावे: 'हे उत्तर यंत्राने पाठवले आहे. तुमचा प्रश्न वेगळा असेल तर याच पत्राला उत्तर द्या. ते माणूस वाचील.' खाली कचेरीचा फोन क्रमांक द्यावा. तो उचलणाराही कोणी असावा, हे ओघाने आलेच.

हल्ली यापुढची पायरी निघाली आहे. पत्र एखाद्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणेला दिले तर ती ठरीव यादी न पाठवता नवे उत्तर रचून देते, तेही चांगल्या मराठीत. तिला त्या मुलीचे पत्र कदाचित कळले असते. पण ती एखादी तारीख किंवा नियम आपल्या पदरचा घालून तितक्याच ठामपणे लिहू शकते. आणि पत्रातच कोणी 'मागच्या सूचना सोडून दे, अमुक कर' असे लिहून ठेवले, तर ते पत्रातले वाक्य की मालकाचा हुकूम, यातही तिची गफलत होते. म्हणून तिने उत्तर पाठवू नये, मसुदा करून ठेवावा. ॲप्स स्क्रिप्टमध्ये तशी सोय आहे: उत्तर त्याच माळेत मसुदा म्हणून पडून राहते, आणि आपण वाचून 'पाठवा' म्हटल्याशिवाय जात नाही. आणखी एक. या पत्रांना गुणपत्रके, आधारच्या प्रती, जातीचे दाखले जोडलेले असतात. लोकांची अशी माहिती सांभाळण्याबद्दल आपल्याकडे २०२३ साली कायदाही झाला आहे. ती परक्या यंत्रणेच्या हाती देण्यापूर्वी परवानगी कोणाची, हे विचारावे. पेटीचा पासवर्ड तर स्क्रिप्टमध्ये कधीच लिहून ठेवू नये.

आता माझ्या पेटीत तीन चिठ्ठ्या आहेत: 'यादी पाठवली', 'मसुदा तयार', आणि 'माणसाने पाहावे'. पहिल्या चिठ्ठीची पत्रे जूनमध्ये दिवसाला चाळीसच्या वर असतात, आणि त्यांचा वेळ वाचतो तो मी तिसरीला देतो. संध्याकाळी तलावावर फिरायला निघण्यापूर्वी ती चिठ्ठी रिकामी करायची, असा नेम आहे. कधी चार पत्रे असतात, कधी पंधरा. पंधरा असली की फिरणे राहते.